ऊब ही मेहेरबानी नव्हे, हक्क!

सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कुडकुडतो. 'भूल उतरताना थंडी वाजतेच', असे सांगून नातेवाइकांची बोळवण होते. पण भुलीमुळे शरीराचे तापमान पहिल्या तासातच सुमारे अंशभर उतरते, हे शास्त्र जाणते. १९९६ साली ऑस्ट्रियात आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३४.७ अंशांपर्यंत गार पडलेल्यांत १९ टक्के जखमा चिघळल्या; उबदार ठेवलेल्यांत फक्त ६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली ऊब देण्याची शिफारस केली.

जखम चिघळली की मजुराची रोजी बुडते, घर कर्जात जाते. तापमापक, कोरडे ब्लँकेट, कोमट सलाईन ही चैन आहे काय? संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच तो भाग आहे. बांधवांनो, शस्त्रक्रियेआधी ठणकावून विचारा : आमच्या माणसाला ऊब कशी देणार?