बोट एकच, अर्थ कोणाचा?

नमाजच्या बैठकीत 'अत्तहियात' वाचता वाचता उजव्या हाताची तर्जनी वर उचलली जाते. ईश्वर एकच आहे, अशी साक्ष जीभ देते आणि बोट तिला दुजोरा देते. हनफी नमाजी बोट उचलून लगेच खाली घेतात. कोकणातले शाफई बांधव बैठक संपेपर्यंत ते तसेच ठेवतात. पाच वेळच्या फर्ज नमाजांमध्येच दिवसाला नऊ वेळा हे घडते. आजोबांच्या शेजारी मुसल्ल्यावर बसणारे लहान मूल नमाजमधली सर्वांत आधी शिकते ती हीच खूण.

2024 च्या रमजानच्या सुरुवातीला याच खुणेने एका माणसाला अतिरेक्यांच्या रांगेत नेऊन उभे केले. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा आणि रिआल माद्रिदचा फुटबॉलपटू अँटोनियो रुडिगर याने रमजानच्या शुभेच्छा देताना आपले छायाचित्र प्रसिद्ध केले. अंगात पांढरा झगा, खाली मुसल्ला, वर केलेली तर्जनी. एका बड्या जर्मन दैनिकाच्या माजी संपादकाने ते पाहून जाहीर केले, की हा इस्लामवाद्यांचा सलाम आहे, 'इसिस'ची खूण आहे. आरोप वाऱ्यासारखा पसरला. रुडिगरने सरकारी वकिलांकडे तक्रार केली, जर्मन फुटबॉल महासंघही त्याच्या मागे उभा राहिला. अखेर जर्मनीच्या गृहमंत्रालयाला सांगावे लागले, की ही श्रद्धेची साक्ष आहे आणि सार्वजनिक सुरक्षेला तिच्यापासून धोका नाही. अतिरेकी गटांनी ती वापरली म्हणून तिचा अर्थ बदलत नाही.

संशयाला काहीच आधार नव्हता, असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'इसिस'चे बंदूकधारी हेच बोट वर करून छायाचित्रे काढून घेत होते, हे जगाने पाहिले आहे. पण त्यांनी ही खूण निर्माण केली नाही, चोरली. ज्यांच्या घरातून वस्तू चोरीला गेली, त्यांनाच चोराचे साथीदार ठरवायचे का? आपल्या बेसावधपणामुळे इतरांना संधी मिळाली, असे रुडिगरने त्या वेळी मोठ्या मनाने म्हटले. नमाज पढणाऱ्याने नमाजमधल्या खुणेबद्दल सावध राहावे, अशी वेळ यावी हेच दुःखद आहे.

मराठी वाचकाला हे दुःख समजायला अवघड नाही. स्वस्तिक आपल्याकडे उंबरठ्यावर, कलशावर, दिवाळीच्या वहीपूजनात काढले जाते. 1920 मध्ये नाझी पक्षाने त्याच्याशी मिळतीजुळती आकृती आपल्या झेंड्यावर घेतली आणि युरोपात तिला रक्ताचा डाग लागला. 2005 मध्ये युरोपात या चिन्हावर सरसकट बंदीची मागणी झाली, तेव्हा तिथल्या हिंदूंनी विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते: आमच्या दारावरचे चिन्ह कोणी काढले, कशासाठी काढले, हे आधी पाहा. ते म्हणणे रास्त होते. तोच न्याय तर्जनीला का नको?

आणि तोच न्याय आपल्या गल्लीतही हवा. उरुसात, मोहरममध्ये, ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये हिरव्या कापडावर चांद-तारा दिसला, की कोणीतरी मोबाइलवर चित्रण करतो आणि तासाभरात 'पाकिस्तानचा झेंडा' गावभर होतो. पाकिस्तानच्या झेंड्यात काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो, एवढे पाहण्याचीही कोणी तसदी घेत नाही. 2019 मध्ये केरळातल्या वायनाडच्या मिरवणुकीतले इंडियन युनियन मुस्लिम लीगचे झेंडे असेच पाकिस्तानी ठरवले गेले. हा पक्ष भारतीय, त्याचे खासदार लोकसभेत बसतात. चांद-तारा तर सिंगापूरच्या झेंड्यावरही आहे, आणि तिथे मुस्लिम अल्पसंख्य आहेत.

खरा अतिरेकी शोधायलाच हवा, त्यात दुमत नाही. तो सापडतो त्याच्या कृतीत, शस्त्रात, चिथावणीत, संगतीत. प्रत्येक हिरव्या कापडामागे धावणारी नजर नेमकी तिथे थकते. आणि उद्या खुलासा झाला तरी तो आरोपाइतका लांब पोहोचत नाही. शाळेत ऐकावे लागलेले टोमणे मूल विसरत नाही.

कुरआनची या बाबतीतली शिकवण स्पष्ट आहे. 'सूरह हुजुरात' सांगते, की बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. त्याच सूरहमध्ये फार संशय घेण्यालाही मनाई आहे. ही शिकवण फक्त इतरांना ऐकवण्यासाठी नाही. आपल्यातलाच एखादा तरुण मित्राच्या घरी गणपतीच्या आरतीला उभा राहिला, त्याच्या कपाळी गुलाल दिसला, की 'हा दीनमधून गेला' असा शिक्का मारणारे आपल्यातही आहेत. भगवा दिसला की दंगलच आठवणारेही आहेत. पण वारकऱ्याच्या खांद्यावरची पताकाही भगवीच असते. खोटे बोलणे ज्याने सोडले नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे. रोजा पोटाचा तसा जिभेचाही आहे, आणि आता मोबाइलवरच्या बोटाचाही.

काही दिवसांत ईदचा चांद पाहण्याची वेळ येईल. तेव्हा आपण अफवेवर ईद करत नाही. कोणी पाहिला, कुठून पाहिला, किती वाजता पाहिला, हे विचारतो. साक्ष पटली तरच उद्या ईद. आकाशातल्या चांदासाठी इतकी खातरजमा करणाऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी माणसाच्या अब्रूसाठी निदान तेवढी तरी करावी.