घरट्याचा फोटो आणि मे महिन्याचे ऊन

उन्हाळा आला, की स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. अनेक फोटोंत घरट्यापुढे एकही पान आडवे येत नाही. ते कोणी छाटले?

अंड्यातील गर्भाला साधारण ३७-३८ अंश तापमान मानवते. ४१ च्या पुढे तो फार काळ तग धरत नाही. फांदी तोडलेली, पक्षी बिचकून उडालेला आणि वर विदर्भातले ऊन! काही पक्षी उडत नाहीत. ‘त्याला सवय झाली,’ असे छायाचित्रकार खुशाल सांगतात. मात्र पेंग्विनांवरील अभ्यासांत माणूस जवळ येताच स्थिर बसलेल्या पक्ष्यांच्याही हृदयाचे ठोके वाढलेले आढळले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर अंड्यांना, घरट्यांना त्रास देणे ‘शिकारी’च्या व्याख्येतच घातले आहे.