‘डेव्हलपर ऑप्शन्स’ सुरू केलेत? मग ई-पीक पाहणीआधी हे बघा

‘अबाउट फोन’मध्ये जा, ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा आणि जुना फोनही सुसाट पळवा! अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. सात टॅप झाले की ‘आता तुम्ही डेव्हलपर आहात’ असा मेसेज येतो आणि सेटिंग्जमध्ये एक नवा मेन्यू दिसू लागतो. शाओमीसारख्या काही फोनमध्ये बिल्ड नंबरऐवजी सिस्टीमच्या व्हर्जनवर टॅप करावं लागतं, एवढाच फरक.

हा मेन्यू गुगलने २०१२ साली अँड्रॉइड ४.२ पासून लपवला. तो बेकायदेशीर नाही, त्याने वॉरंटीही जात नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यांना चाचणीसाठी लागणारी ही बटणं आहेत. पण परभणी जिल्ह्यातल्या अनेक शेतकरी कुटुंबांत एकाच स्मार्टफोनवर बँक, पीएम-किसानचे ओटीपी आणि ई-पीक पाहणी असं सगळं चालतं. तिथे चुकीचं बटण महागात पडू शकतं.

आधी त्या ‘स्पीड’बद्दल. रीलमध्ये बहुतेकदा अ‍ॅनिमेशन स्केल १ वरून ०.५ करायला सांगतात. त्याने स्क्रीन बदलतानाची हालचाल निम्म्या वेळात संपते, म्हणून फोन चपळ वाटतो. प्रोसेसर होता तेवढाच राहतो. यात धोका काही नाही, खुशाल करा.

‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ मात्र वेगळं प्रकरण आहे. हे सुरू असेल तर तुम्ही एका स्क्रीनवरून दुसरीकडे गेलात की फोन आधीची स्क्रीन लगेच मोडून टाकतो. आता शेतात काय होईल बघा. सोयाबीनचं क्षेत्र भरलं, फोटोसाठी कॅमेरा उघडला आणि परत आलात तर अर्धा भरलेला फॉर्म गायब झालेला असू शकतो. दोष अ‍ॅपला दिला जातो, कारण मात्र फोनमध्येच असतं.

खरा पेच आहे ‘सिलेक्ट मॉक लोकेशन अ‍ॅप’ या पर्यायात. त्यातून फोनला खोटं ठिकाण सांगता येतं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, ती शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून जीपीएस आणि फोटोसह नोंद करावी म्हणून. त्यामुळे जिंतूर किंवा पालममध्ये घरी बसून पाहणी उरकण्याचा मोह इथेच होतो. पण मिळालेलं लोकेशन खरं की बनावट, ही खूण अँड्रॉइड अ‍ॅपला देऊ शकतं. शिवाय ही नोंद सातबाऱ्यावर जाते. पीकविमा, हमीभावाने विक्री, अतिवृष्टीची मदत, सगळीकडे तीच बघितली जाते. खोट्या नोंदीची झळ नंतर बसते, रील बनवणाऱ्याला नाही. आणि गंमत म्हणून लावलेलं बनावट जीपीएस बंद करायचं राहून गेलं, तर खरोखर बांधावर उभं राहूनही फोन भलतंच गाव दाखवेल.

‘यूएसबी डिबगिंग’ तर कायम बंदच असलेलं बरं. ते सुरू असताना फोन अनोळखी कॉम्प्युटरला जोडला आणि स्क्रीनवर आलेल्या परवानगीला ‘अलाऊ’ म्हटलं, तर त्या कॉम्प्युटरवरून फोनमध्ये अ‍ॅप टाकता येतं, स्क्रीन पाहता येते, फोटो-फाइल्स काढून घेता येतात. दुरुस्तीसाठी सुरू केलं असेल तर काम झाल्यावर ‘रिव्होक यूएसबी डिबगिंग ऑथोरायझेशन्स’ दाबा, म्हणजे आधी दिलेल्या परवानग्या रद्द होतात. ‘ओईएम अनलॉकिंग’लाही हात लावू नका. पुढे जाऊन बूटलोडर अनलॉक केला तर फोनमधला सगळा डेटा पुसला जातो.

बँकेचं अ‍ॅप अचानक उघडेनासं झालं? काही बँकांची अ‍ॅप्स डेव्हलपर मोड किंवा यूएसबी डिबगिंग सुरू दिसलं की चालतच नाहीत. मेन्यूच्या सगळ्यात वर असलेला मुख्य स्विच बंद करा आणि अ‍ॅप पुन्हा उघडून बघा. फोन रीसेट करायची गरज नाही.

पण ‘अनुदान अडकलंय, हा मेन्यू चालू करा’ किंवा ‘ही एपीके फाइल टाका’ असं कोणी फोनवर सांगत असेल, तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कॉल करा. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.