पोटगीची वसुली व अपत्यांचा ताबा यांविषयी निवेदन

प्रति,
मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश,
तथा अध्यक्ष, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, वाशिम.

विषय : कौटुंबिक वादांतील पोटगीच्या हुकुमांची अंमलबजावणी आणि अपत्यांचा ताबा व भेट यांविषयीच्या मागण्या.

सन्माननीय महोदय,

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील आम्ही खाली सह्या करणारे, ज्यांत नवऱ्याने टाकलेल्या भगिनी आहेत, घटस्फोटित माता आहेत आणि लेकरांच्या भेटीसाठी तारखांवर तारखा मोजणारे पितेही आहेत, आपल्या सेवेशी हे निवेदन आदरपूर्वक सादर करीत आहोत. चालू असलेल्या कोणत्याही प्रकरणात अमुक एक निर्णय व्हावा, अशी याचना यात नाही. न्यायासनाने दिलेला हुकूम ज्या अपत्याच्या उदरनिर्वाहासाठी दिला, त्याच्या ताटापर्यंत तो वेळेत पोहोचावा, एवढेच आमचे मागणे आहे.

कायद्यात उणीव आहे, असे आमचे म्हणणे नाही. पोटगीवरील पाचशे रुपयांची कमाल मर्यादा 2001 मध्ये दूर झाली. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटिशीच्या बजावणीपासून शक्यतो साठ दिवसांत निकाली निघावा, अशी तरतूदही त्याच वेळी झाली. आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये ती कायम आहे. आपल्याच विदर्भातील, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून उद्भवलेल्या फौजदारी अपील क्रमांक 730/2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी उभय पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे निर्देश दिले. आणि शेतीवर उपजीविका असलेल्या पक्षकारांसाठी प्रतिज्ञापत्राचा निराळा नमुनाही त्या निकालास जोडला.

तो नमुना आमच्या जिल्ह्याच्या परिस्थितीशी तंतोतंत जुळतो. येथील बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न सोयाबीन व तूर यांच्या हंगामावर अवलंबून असते, जमीन पुष्कळदा सासऱ्याच्या नावे असते, आणि पगारपत्रक नसल्याच्या आधारावर ‘मला उत्पन्नच नाही’ असे शपथेवर सांगणाऱ्या पतीचे म्हणणे खोडून काढण्यास माहेरी परतलेल्या स्त्रीजवळ कागदाचा एक तुकडाही नसतो. सातबारा, आठ-अ, पीककर्जाची नोंद आणि बाजार समितीतील मालविक्रीची पट्टी हे दस्तऐवज मिळवावे कोठून व दाखल करावे कसे, हेच तिला कोणी समजावून सांगितलेले नसते.

हुकूम झाल्यानंतरची अवस्था तर अधिक कष्टप्रद आहे. वसुलीचे वॉरंट निघते, ते पोलीस ठाण्याकडे जाते, आणि ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. वास्तविक तो इसम पुण्यास वा सुरतेस कामाला गेलेला, किंवा तांड्यावरील मुकादमाबरोबर ऊसतोडीला गेलेला आहे, हे अवघ्या गावास ठाऊक असते. अशा फेऱ्यांत काळ निघून जातो, आणि रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर तेवढ्या थकबाकीपुरते वॉरंट निघू शकत नाही, ही अट बहुतेक भगिनींना मुदत टळून गेल्यावरच कळते. दरम्यान लेकराची फी, औषध आणि दोन वेळचे जेवण यांपैकी एकही गोष्ट पुढील तारखेपर्यंत तहकूब ठेवता येत नाही.

ताब्याच्या प्रकरणांत अपत्याचे हित सर्वोपरी मानावे, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 13 चे सूत्र आहे. परंतु ज्या मुलाने आईबापांपैकी एकास महिनोन्‌महिने पाहिलेले नाही, त्याची भेट न्यायालयाच्या गजबजलेल्या व्हरांड्यात, आरोपी, पोलीस आणि पक्षकार यांच्या वर्दळीत व्हावी, हे त्या सूत्राशी विसंगत आहे. पिता पोटगी देत नाही म्हणून मुलाला त्याची भेट नाकारणे आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी अडवून ठेवणे, या दोन्ही गोष्टींनी शिक्षा अपत्यालाच होते, असे आम्ही माता व पिता उभयता येथे एकमुखाने नमूद करतो.

सबब आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

1. जिल्ह्यातील अंतरिम पोटगीच्या प्रलंबित अर्जांचा दरमहा आढावा घेण्यात यावा.

2. शेतकरी पक्षकारांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना मराठीत प्रत्येक तालुका विधी सेवा समितीकडे विनामूल्य उपलब्ध असावा, आणि महसुली दस्तऐवज मिळविण्यास तेथे साहाय्य मिळावे.

3. पोटगीच्या वॉरंटांसाठी प्रत्येक पोलीस ठाण्यात एक जबाबदार अंमलदार नेमण्याविषयी मा. पोलीस अधीक्षकांशी विचारविनिमय व्हावा. ‘मिळून आला नाही’ या शेऱ्यासोबत चौकशी कोणाकडे केली व तो इसम सध्या कोठे आहे, हे लेखी नमूद करणे आवश्यक ठरवावे.

4. हुकुमाच्या नकलेसोबत एक वर्षाच्या मुदतीची सूचना सोप्या मराठीत द्यावी, आणि तांड्यांवरील भगिनींना ती गोरमाटीत समजावून सांगण्याची व्यवस्था व्हावी.

5. हंगामी उत्पन्न असलेल्या पित्यास, माल विकल्यानंतर पुढील काही महिन्यांची पोटगी मातेच्या बँक खात्यात आगाऊ भरण्याची मुभा व प्रोत्साहन मिळावे.

6. न्यायालयाच्या आवारात मुलांच्या भेटीसाठी स्वतंत्र खोली असावी, भेटी शाळेच्या सुटीच्या दिवशी ठेवाव्यात, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32-अ अन्वये कुटुंबकल्याणाच्या क्षेत्रातील जाणकार व्यक्तीचे, शक्यतो स्त्रीचे, साहाय्य घेण्यात यावे.

7. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नियुक्त वकिलाने तारखेपूर्वी पक्षकाराची भेट घ्यावी, असा दंडक घालावा.

यांपैकी बहुतेक मागण्यांस नव्या कायद्याची गरज नाही. विद्यमान तरतुदींचा नेटाने अंमल आणि निरनिराळ्या खात्यांचा परस्पर मेळ पुरेसा आहे. आपण न्यायासनाचे आणि प्राधिकरणाचे प्रमुख या उभय नात्यांनी तो मेळ घालू शकता, या विश्वासानेच आम्ही आपल्या दारी आलो आहोत. तरी या मागण्यांवर विचारार्थ एक बैठक बोलवावी, तीत आमच्या प्रतिनिधींस म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, आणि झालेली कार्यवाही लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विनम्र,
वाशिम जिल्ह्यातील परित्यक्ता व घटस्फोटित माता, अपत्यांपासून दुरावलेले पिते आणि त्यांचे आप्त
(सह्यांची यादी सोबत)

स्थळ : वाशिम

प्रत माहितीस्तव सविनय सादर :
मा. जिल्हाधिकारी, वाशिम
मा. पोलीस अधीक्षक, वाशिम