माती खराब नाहीये हो!

गेल्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. विषय क्रमांक ६, कंपाउंडमधली वाळलेली झाडं. दोन वर्षांपूर्वी ५ जूनला मोठ्या थाटात १४ रोपं लावली होती. बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ. फोटो निघाले, वडापाव झाला. त्यातली ९ गेली. दहा मिनिटांत निष्कर्ष: "इथली मातीच खराब आहे." ठराव: नवीन ९ रोपं आणा. सर्वानुमते मंजूर.

सर्वानुमते म्हणजे मी सोडून. तिथे मला कोणी बोलू दिलं नाही, म्हणून इथे भांडतो.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी खाली जाऊन एकेका झाडाचा बुंधा बघून आलो होतो. नऊपैकी सातांना जमिनीपासून चार बोटांवर गोल खाच. साल गायब, आतलं लाकूड उघडं. ही वाळवी नाही, रोगही नाही. हा ग्रास कटर! त्याची नायलॉनची तार गरागरा फिरते, गवत कापते आणि जाता जाता अंगठ्याएवढ्या झाडाची कोवळी सालही सोलते. पंधरा दिवसांनी पुन्हा तिथेच. उरलेल्या दोघांना बांबूशी बांधलेली तार खोडात रुतली होती. झाड जाड होतं, तार सैल होत नाही. इतकं साधं आहे.

गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की साल गेली तरी झाड लगेच मरत नाही. मुळांकडून वर येणारं पाणी आतल्या लाकडातून येतं, ते चालू राहतं. पण पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांपर्यंत जातं ते सालीच्या आतल्या पातळ थरातून. तो थर चारी बाजूंनी कापला गेला की मुळं उपाशी. साठा संपेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, कधी काही महिने, वर पानं हिरवीगार! पावसाळ्यात तार लागते, झाड उन्हाळ्यात वाळतं आणि आपण म्हणतो पाणी कमी पडलं. आमच्याकडेही असंच होतं. बग जुलैच्या रिलीजमध्ये घुसतो, सर्व्हर मार्चमध्ये बसतो, आणि शिव्या खातो मार्चमध्ये ड्यूटीवर असलेला गरीब प्राणी.

इथे शिव्या खातात माळीकाका. त्यांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, दोन तासांत पूर्ण कंपाउंड उरकायचं असतं. हाताने गवत काढत बसलो तर पुढची सोसायटी कधी करू?" काय चुकलं त्यांचं? सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडताना हात वर कोणी केले होते? (मीही केला होता. असो.)

सेक्रेटरीसाहेबांचा मुद्दा, "आपण दरवर्षी गेरू-चुना लावतो की!" अहो, गेरू म्हणजे काय हेल्मेट आहे का? वरूडला माझे मामा संत्र्याच्या बुंध्यांना पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावतात. मोरचूद, चुना आणि पाणी. पण ती डिंक्यासारख्या बुरशीच्या रोगासाठी. अवजारापासून झाड वाचवायला मामांकडे वेगळा उपाय आहे: बुंध्याजवळ ते कोणाला कुदळ मारूच देत नाहीत. झाड गेलं तर त्यांचं पीक जातं. आपलं फक्त मेंटेनन्समधून जातं, तेही कळत नाही.

उपाय अगदी फालतू आहे. चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा उभा चिरायचा आणि बुंध्याभोवती सैल बसवायचा. आत हवा खेळली पाहिजे, झाड वाढलं की काढायचा. भोवती दोन फुटांचं आळं हाताने साफ ठेवायचं आणि वाळका पाला पसरायचा, मात्र सालीला न चिकटवता. तिथे गवतच नसेल तर कटर जाईल कशाला? बांधायला तारेऐवजी सायकलची जुनी ट्यूब, तीही सैल. आणि हे सगळं कंत्राटात लिहायचं.

बी विंगमधल्या आजोबांनी आजींच्या नावाने लावलेला बकुळ अजून उभा आहे. आजोबा रोज सकाळी त्याला बादलीभर पाणी घालतात. त्याची साल साधारण अर्ध्या घेरापर्यंत गेलीये. उरलेली शाबूत राहिली तर कडांनी जखम हळूहळू भरून येईल. पुढचा ग्रास कटर सोमवारी आहे. पाइप मी आणलाय, करवत वॉचमनकाकांकडे आहे. उद्या सकाळी आठला मी खाली असेन.