डाव मांडण्यापूर्वीं

पत्त्यांचा खेळ आमच्या वाचकांच्या घरांना नवा नाहीं. सुटीचे दिवस, माजघरांत पसरलेली सतरंजी आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचा जमलेला बदाम सातचा फड, हें चित्र ज्यानें पाहिलें नाहीं असा वाचक विरळा. परंतु त्याच घरांतले एखादे काका क्लबांत जाऊन ब्रिजच्या सामन्यांस बसत, तेव्हां त्यांची मुद्रा निराळी असे. घरीं मुलाची चुकलेली उतारी हंसून परत घेऊं देणारे हेच गृहस्थ तेथें भिडूच्या एका चुकीच्या पानावरून आठवडाभर अबोला धरीत. पत्ते तेच, माणूस तोच. बदललेली असे ती बैठक. ही जुनी गोष्ट एका नव्या खेळाच्या निमित्तानें आमच्या घरांत पुन्हा अनुभवास आली, तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

गेल्या नाताळच्या सुटींत आमच्या थोरल्या बंधूंचा नातू अमेरिकेहून पुण्यास आला. तो सोळा वर्षांचा. आमच्या घरचा नातू अकरांचा. दोघांनाही ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचें वेड. रात्रीं जेवणें आटोपल्यावर हे दोघे भाऊ व त्यांच्या दोन आतेबहिणी असे चौघे डाव मांडून बसले, तेव्हां मुलांचें सूत जमलें म्हणून आम्हांस धन्यता वाटली. ती धन्यता तीन रात्री टिकली. थोरल्याचा कॅट प्रत्येक वेळीं चौथ्या-पांचव्या फेरीस तिघांनाही गारद करी. धाकट्याचीं आवडतीं पानें त्याच्या हातांतच राहत. चौथ्या दिवशीं सकाळीं धाकटा आमच्या मंडळींकडे गेला आणि मुंजींत आलेले आपले पैसे मागूं लागला. कशाला म्हणून विचारतां म्हणाला, “आजी, दादाकडे एक पान आहे, तसलें मला घ्यायचें आहे. त्याशिवाय मी कधींच जिंकणार नाहीं.” एवढें बोलून त्याला रडूं कोसळलें.

थोरल्यास बोलावून घेतलें. तोही घुश्शांतच होता. “आजोबा, मी एकही नियम मोडला नाहीं. हा कॅट जमवायला मला दोन वर्षें लागलीं. चांगला खेळलों म्हणून मी वाईट कसा?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. ‘लहानाला जिंकूं द्यावें’ हें ओठांवर आलें होतें. पण तें उत्तर नव्हे, हें आमचें आम्हांसच कळत होतें. आपणांस जिंकविण्यासाठीं समोरचा मुद्दाम हरला, हें अकरा वर्षांच्या मुलास तत्काळ कळतें, आणि तें त्याला पराभवापेक्षां अधिक लागतें. तेव्हां दोघांनाही जवळ बसवून हा खेळ आहे तरी काय, तें आम्हीं समजावून घेतलें.

रिचर्ड गारफील्ड नांवाच्या अमेरिकन गणितज्ञानें हा खेळ रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनें १९९३ सालीं तो बाजारांत आणला. आपल्या नेहमींच्या खेळांत ५२ पानें सर्वांस समाईक असतात. येथें प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरूनच घेऊन येतो. आजवर हजारों निरनिराळीं पानें निघालीं आहेत. तीं बंद पाकिटांतून, सुटीं विकत घेऊन किंवा मित्रांशीं अदलाबदल करून मिळवावयाचीं, आणि त्यांतून आपल्या बुद्धीप्रमाणें कॅट जुळवावयाचा. कांहीं पानें जमिनींचीं असतात; त्यांपासून शक्ति मिळते. ती खर्चून मंत्र टाकावयाचे, प्राणी उभे करावयाचे आणि प्रतिपक्षाचे २० गुण शून्यावर आणावयाचे, असा साधारण प्रकार आहे. म्हणजे निम्मा डाव बसण्यापूर्वींच खेळून झालेला असतो. कॅट जुळवितांना ज्यानें जो हेतु मनांत धरला, तोच पुढें पटावर उतरतो.

आरंभीं या खेळास फारसे निर्बंध नव्हते. ४० पानें असलीं कीं पुरे. एकच पान कितीही वेळां घालावें. इतकेंच नव्हे, तर डावाच्या सुरुवातीस प्रत्येकानें आपलें एक पान पणास लावावें व जिंकणाऱ्यानें तें घेऊन जावें, असाही मूळ नियम होता. पत्त्यांचें नांव काढतांच ज्या वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात, त्यांच्या समाधानासाठीं सांगितलें पाहिजे कीं, ही पणाची चाल पुढें मागें पडली, आणि तीवर बेतलेलीं पानें अधिकृत स्पर्धांत निषिद्ध आहेत. १९९४ सालीं स्पर्धांसाठीं किमान ६० पानें व, साध्या जमिनी वगळून, एका पानाच्या फार तर ४ प्रती अशी मर्यादा आली. १९९५ पासून केवळ अलीकडच्या संचांतलीं पानें चालावींत असा एक प्रकार सुरू झाला. त्यालाच आज स्टँडर्ड म्हणतात. १९९६ सालीं न्यूयॉर्क येथें बक्षिसांची पहिली प्रो टूर भरली. अशा रीतीनें स्पर्धेचे फॉरमॅट एकामागून एक सिद्ध झाले.

या स्पर्धांची शिस्त ऐकून आम्हांस काकांच्या ब्रिजची आठवण झाली. सामना बहुधा तीन डावांचा, वेळ ठरलेली, पंच हजर, कोणतें पान चालेल व कोणतें नाहीं याची यादी छापलेली. येथें दया मागावयाची नसते आणि दाखवावयाचीही नसते. समोरचा जिंकावयास आला आहे हें दोघांसही ठाऊक असतें, म्हणून पराभवाचा राग माणसावर जात नाहीं. या शिस्तीस मोल मात्र द्यावें लागतें. स्टँडर्डमधील पानांची मुदत भरली कीं तीं त्या फॉरमॅटांतून बाहेर पडतात, आणि जो स्पर्धेंत टिकूं इच्छितो त्याला नवीं पानें घेणें चुकत नाहीं.

मुलें रात्रीं खेळत होतीं तो प्रकार निराळा. त्याचें नांव कमांडर. हा कंपनीनें काढलेला नव्हे. १९९० नंतरच्या दशकांत अलास्कांतील एका मित्रमंडळींत तो जन्मास आला, आणि शेल्डन मेनरी या स्पर्धांच्या पंचानें त्याचा प्रसार केला. दिवसभर इतरांचे तंटे सोडवून थकलेले पंच रात्रीं मौजेखातर हा डाव मांडीत. २०११ पासून कंपनीही यासाठीं तयार कॅट विकूं लागली. यांत १०० पानें असतात. साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येक पान एकदांच घ्यावयाचें. आरंभीं २० ऐवजीं ४० गुण, आणि बसणारे बहुधा चौघे. कोणी वरचढ होऊं लागला कीं बाकीचे तिघे मिळून त्याला आवरतात. तह होतात, मोडतात, रुसवेफुगवे होतात. आपल्या सतरंजीवरच्या फडास इतका जवळचा दुसरा प्रकार या खेळांत नसेल.

अडचण आहे ती याच मोकळेपणांत. कोणतें पान चालतें हें नियम सांगतात. कोणत्या बैठकीस कोणतें पान शोभतें हें सांगत नाहींत. तींच १०० पानें कोणी केवळ हौसेनें, सगळीं मांजरांचीं किंवा सगळीं झाडांचीं म्हणून जुळवितो. कोणी चौथ्या फेरीस डाव संपविण्याच्या हिशेबानें जुळवितो. दोघेही आपल्या कॅटास कमांडरच म्हणतात. यावरून मोठीं माणसेंही भांडलीं आहेत. सप्टेंबर २०२४ मध्यें या प्रकाराची देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीनें चार प्रबळ पानांवर बंदी घातली. त्यांतलीं कांहीं फार महाग होतीं. ज्यांनीं तीं विकत घेतलीं होतीं त्यांचा क्षोभ इतका झाला कीं समितीच्या सभासदांना धमक्या आल्या, आणि आठवड्याभरांतच समितीनें आपला कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. पुढें फेब्रुवारी २०२५ मध्यें कंपनीनें कमांडरच्या कॅटांसाठीं पांच पायऱ्यांची योजना प्रायोगिक स्वरूपांत पुढें आणली: पहिली निव्वळ हौसेची, पांचवी निव्वळ स्पर्धेची. आपला कॅट कोणत्या पायरीचा, हें डाव मांडण्यापूर्वींच एकमेकांस सांगावें, हा तिचा हेतु.

हें ऐकतांच आमच्या घरच्या भांडणाचें मूळ हातीं लागलें. थोरल्याचा कॅट पांचव्या पायरीचा. धाकट्याजवळ आत्यानें वाढदिवसास दिलेला दुकानांतला तयार कॅट. एक जण सामन्यास बसला होता, दुसरा फडास; आणि खेळाचें नांव एकच असल्यामुळें हा भेद दोघांच्याही ध्यानांत आला नाहीं. थोरला वाईट नव्हता आणि धाकटा रडवा नव्हता. चूक असलीच तर आम्हां वडिलांची. कोण कशासाठीं बसतो आहे, एवढें न विचारतां आम्हीं त्यांना एका सतरंजीवर बसविलें होतें.

मग मुलांनींच तोड काढली. दुपारचा डाव दोघांचा, स्पर्धेच्या रीतीचा. पॉपर नांवाचा एक फॉरमॅट आहे. त्यांत केवळ सर्वांत सामान्य प्रतीचीं, म्हणून बहुधा स्वस्त, पानें चालतात. थोरल्यानें आपल्या पेटींतून तसलीं ६० ६० पानांचे दोन तुल्यबळ कॅट जुळविले, घड्याळ लावलें आणि उतारी परत घ्यावयाची नाहीं असें बजावलें. रात्रीचा डाव चौघांचा. त्यांत थोरल्यानें आपला कॅट पेटींत ठेवून बहिणीकडचा एक तयार कॅट घ्यावयाचा. राहिलें तें मुंजीच्या पैशांचें पान. त्याचें नांव व गुण थोरल्यानें एका चिठ्ठीवर लिहिले, आणि सर्वांच्या संमतीनें ती धाकट्याच्या कॅटांत सारली. अधिकृत स्पर्धेंत अशी चिठ्ठी चालत नाहीं. घरीं सर्वांचा होकार असला कीं चालते. पैसे कपाटांतच राहिले.

पुढें जें पाहिलें त्यानें आमचीच समजूत पालटली. दुपारच्या डावांत धाकटा पहिले सहा दिवस ओळीनें हरला, आणि एकदांही रडला नाहीं. पट आवरतांना “तें पान आधीं टाकायला हवें होतें का रे, दादा?” एवढेंच विचारी. सातव्या दिवशीं जिंकला, तेव्हां थोरल्यानें उठून त्याचा हात हातांत घेतला आणि म्हणाला, “मी मुद्दाम हरलों नाहीं हं!” त्या वाक्यानें धाकट्यास जो आनंद झाला तो कोणत्याही बक्षिसानें झाला नसता. रात्रीच्या फडांत थोरला दोनदां आतेबहिणीकडून हरला व मोठ्यानें हंसला. चिठ्ठीचें म्हणाल तर ती धाकट्यानें आपण होऊनच काढून टाकली. म्हणाला, “हें पान आलें कीं डाव लगेच संपतो, मग बसायचें कशाला?”

स्पर्धेचा डाव कठोर आणि घरचा डाव मवाळ, अशी आमची आजवर समजूत होती. ती खरी नाहीं. न सांगतां मांडलेला डाव कठोर. सांगून मांडलेला कोणताही डाव मुलें सोसतात. म्हणून ज्यांच्या घरीं हीं पानें आलीं असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, डाव मांडण्यापूर्वीं मुलांना तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी. आज जिंकण्यासाठीं बसतों आहों कीं बसण्यासाठीं? आपल्या कॅटांत काय आहे, डाव साधारण कितव्या फेरीस संपेल? आणि या खेळावर महिन्याकाठीं किती पैसे खर्चावयाचे? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर वडिलांनीं मुलांबरोबर बसून ठरवावें, आणि ठरल्यावर मोडूं नये.

मूल स्पर्धेकडे ओढ घेत असेल तर त्यास दटावूं नये. नियम पाळणें, वेळ सांभाळणें आणि हरल्यावर समोरच्याचा हात हातांत घेणें हीं तेथें शिकतां येतात. प्रथम ड्राफ्टला बसवावें हें बरें. त्यांत प्रत्येकास बहुधा तीन बंद पाकिटें मिळतात. एक पान ठेवून बाकीचीं शेजाऱ्याकडे द्यावयाचीं, आणि जमलेल्या पानांतून तेथल्या तेथें ४० पानांचा कॅट करावयाचा. कोणाच्या घरीं किती पानें पडून आहेत, याला तेथें महत्त्व नसतें. आणि मूल फडांतच रमत असेल तर त्यास ‘नुसता वेळ घालवितोस’ असें म्हणूं नये. भावंडांत घालविलेला वेळ फुकट गेला असें पुढें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

थोरला जानेवारींत परत गेला. दुपारचा एक कॅट तो येथेंच ठेवून गेला आहे. दुसरा बरोबर नेला. परवां आम्हीं कॅरमचा पट काढला, तों धाकटा समोर बसला आणि सोंगट्या रचण्यापूर्वीं गंभीर मुद्रेनें विचारता झाला, “आजोबा, दुपारचा डाव कीं रात्रीचा?” आम्ही क्षणभर विचार केला आणि म्हणालों, “रात्रीचा.” मग त्यानें आम्हांस एक फटका परत घेऊं दिला.