पांढरे वेगळे काढा, पण एकट्याचे नको

आधी गुन्हा कबूल करते. मागच्या फेब्रुवारीत ताथवड्यातल्या आमच्या पीजीत माझा नवाकोरा लाल कुर्ता मशीनमध्ये गेला आणि त्याच फेरीत माझ्या रूममेटचा पांढरा फॉर्मल शर्टही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिचा कॅम्पस इंटरव्ह्यू होता. रात्री अकराला झाकण उघडलं तेव्हा शर्ट रंगीत बडीशेपेतल्या गोळीसारखा गुलाबी झाला होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "माझ्याकडे एकच आहे गं."

खालच्या मजल्यावरच्या एका मुलीचा शर्ट मिळाला, दोन साइझ मोठा. मागून पिना लावून ती गेली. ती नोकरी तिला मिळाली नाही. शर्टामुळे नाही, असं ती म्हणते. मी विश्वास ठेवते, कारण दुसरं काय करणार?

या जागेत एरवी फी, परीक्षा, प्लेसमेंट यांवर लिहिलं जातं. "कपडे धुण्यावर अग्रलेख?" असं मला आमच्या डेस्कवर विचारलं गेलंच. पण हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जण आत्ता रावेत, पुनावळे, वाकडच्या कुठल्यातरी गॅलरीत ओल्या कपड्यांच्या दोऱ्यांखाली वाकून उभे असाल. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे कपडे स्वतः धुताय. पांढरे वेगळे काढायचे की नाही, हा प्रश्न तुम्हाला दर आठवड्याला पडतो. एकतर आईला फोन जातो, नाहीतर "काही होत नाही रे, टाक सगळे" म्हणणाऱ्या सिनिअरचं ऐकलं जातं.

सिनिअर अर्धा बरोबर असतो, म्हणूनच तो घातक. सुती कापडाच्या धाग्याला घट्ट रासायनिक बंध करून बसणारे रंग १९५६ पासून बाजारात आहेत. तसा रंग नीट बसवला आणि उरलेला गिरणीतच धुऊन काढला, तर तो सहसा जात नाही. पॉलिस्टरचा रंगही गार पाण्यात जागचा हलत नाही. म्हणून तुमची दोन वर्षं जुनी जर्सी पांढऱ्या टी-शर्टाबरोबर फिरली तरी बहुतेक वेळा काही होत नाही. घोळ होतो तो 'उरलेला धुऊन काढला' या तीन शब्दांत. स्वस्त कापडात तेच नीट केलेलं नसतं. धाग्याला न चिकटलेला रंग तसाच बसून असतो आणि पहिल्या पाण्याची वाट बघतो. काही रंग तर धाग्याला नुसते टेकलेले असतात. कोमट पाणी मिळालं की निघाले.

जीन्सची गोष्ट आणखी वेगळी. नीळ म्हणजे इंडिगो पाण्यात विरघळतच नाही. ती धाग्याच्या बाहेरच्या अंगाला थर देऊन बसते, धाग्याचं काळीज पांढरंच राहतं. म्हणून जीन्स गुडघ्यावर फिकी पडते आणि नवी असताना पांढऱ्या बुटांवर, बसच्या सीटवर, मैत्रिणीच्या कॅनव्हास बॅगेवर निळी उमटते. तिचा रंग पाण्यात जाण्याआधी घासून जातो.

म्हणजे खरा प्रश्न पांढरा विरुद्ध रंगीत असा नाहीच. नवा विरुद्ध जुना असा आहे. माझ्या कुर्त्याचा गुन्हा त्याचा लाल रंग नव्हता, त्याचं नवेपण होतं. कापडाच्या प्रयोगशाळेत यासाठी पद्धत असते. रंगीत कापडाला पांढरी पट्टी जोडून धुतात, पट्टी किती डागाळली ते बघून एक ते पाच असे गुण देतात. पाच म्हणजे डाग नाही. तुमच्याकडे प्रयोगशाळा नाही, पण रुमाल आहे. पांढरा रुमाल ओला करा आणि नव्या कपड्याच्या आतल्या शिवणीवर जोरात दहा वेळा घासा. रुमाल रंगला तर तो कपडा पुढच्या तीन-चार धुण्यांना एकटा बादलीत. एवढंच. मिठाच्या पाण्यात भिजव, तुरटी घाल, हे आजी सांगते. तुरटी मंजिष्ठेसारख्या झाडपाल्याच्या रंगांना धरून ठेवायची, त्या काळी ते खरं होतं. आजच्या कुर्त्याचा रंग मिठाने कायमचा बसत नाही. आजीला सांगू नका.

आणि चुकून रंग लागलाच, तर आम्ही केलं ते करू नका. आम्ही तो शर्ट रात्रीत वाळावा म्हणून त्यावर इस्त्री फिरवली. लागलेला रंग ओला असेपर्यंत निघायची आशा असते, वाळून इस्त्री झाली की काढणं अवघड. रंग देणारा कपडा बाहेर काढायचा, पांढरा तसाच ओला पुन्हा धुवायचा, गरज पडली तर ऑक्सिजन ब्लीचच्या पाण्यात तासभर भिजवायचा. क्लोरिनवालं ब्लीच सुती कापडाला चालतं, पण लायक्रा, लोकर, रेशीम यांची वाट लावतं. आणि ते बाथरूमच्या अॅसिडजवळही नेऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. पीजीच्या खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये ही गंमत नाही.

आता पांढऱ्याचा दुसरा शत्रू. रंग एका रात्रीत हल्ला करतो, हा दुसरा सहा महिने लावतो. आमची तिसरी रूममेट चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी आहे. तिचा युनिफॉर्म गडद निळा आणि तेलाचा. त्याचा रंग जात नाही, पण मळ पाण्यात उतरतो आणि जवळ जो कपडा असेल त्यावर जाऊन बसतो. फार्मसीवाल्या मुलीचा अॅप्रन असा हळूहळू काळपट झाला. कुणी लाल कुर्ता टाकला नव्हता, त्यामुळे कुणाला दोषही देता येईना. त्यात टँकरचं बोअरचं पाणी. जड पाण्यातले क्षार धाग्यात राहतात, पाण्यात लोह असेल तर पिवळी झाक येते. मग आपण नीळ घालतो. निळीने कपडा स्वच्छ होत नाही. पिवळ्यावर थोडा निळा चढवला की डोळ्याला पांढरं दिसतं. पावडरमधले चमक आणणारे पदार्थही तेच करतात, अतिनील किरणं घेऊन निळसर उजेड टाकतात. गॅदरिंगला डीजेच्या जांभळ्या लाइटखाली पांढरे शर्ट पेटल्यासारखे दिसतात ते त्यामुळेच.

तर माझं मत: पांढरे वेगळे काढा. इथपर्यंत आई बरोबर.

पण आईकडे पाच माणसांचे कपडे असतात. तुमच्याकडे आठवड्याचे पांढरे किती? एक शर्ट, दोन बनियन, एक अॅप्रन, मोजे. एवढ्यासाठी सात किलोची मशीन लावायची? आमच्या पीजीतल्या टॉप लोडला एका फेरीत शंभर लिटरच्या घरात पाणी सहज लागतं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष आहे. म्हणजे चार पांढऱ्या कपड्यांवर तुम्ही एका माणसाचा जवळजवळ अख्खा दिवस ओतला. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतंय. तेव्हा जी मुलं सातवी-आठवीत होती ती आता कॉलेजात आहेत. आणि जे पाणी जातं ते फेसासकट जातं. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणाऱ्या फेसाचे फोटो तुम्ही दरवर्षी शेअर करता. त्यात कारखाने आहेत, पण घरांचं सांडपाणीही आहे. आपली बादलीही आहे.

म्हणून दुसरं मत, आणि हा लेख खरं तर यासाठी आहे: पांढरे वेगळे काढा, पण सगळ्यांचे मिळून एकत्र धुवा. चार खोल्यांचे पांढरे एका बादलीत, आठवड्यातून एक भरलेली फेरी.

हे मी पीजीत मांडलं तेव्हा मला वाटलं टाळ्या पडतील. शांतता पडली. मग एकीने म्हटलं, मोजे आणि आतले कपडे नको. बरोबर आहे, ते ज्याने त्याने हाताने धुवावेत, त्यात वाद नाही. दुसरी म्हणाली, कपडे हरवतील. तेही बरोबर. तिसरी म्हणाली, "दुसऱ्यांच्या कपड्यांत माझे कपडे, आमच्याकडे चालत नाही." कोणत्या दुसऱ्यांच्या, ते तिने सांगितलं नाही. खोलीत चार आडनावं होती.

मी तेव्हा गप्प बसले, म्हणून इथे लिहिते. कुणाचे कपडे कुणी धुवायचे आणि कुणाच्या कपड्यांबरोबर, याला आपल्याकडे जुना आणि वाईट इतिहास आहे. बारा बलुतेदारांत परीट होता, गावाचे कपडे तो धुवायचा. परीटघडी हा शब्द आपण अजून कौतुकाने वापरतो. पण डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपल्या साताऱ्यातल्या लहानपणाबद्दल लिहिलंय. गावात धोबी होते, घरच्यांना पैसे देणंही परवडत होतं, तरी घरचे कपडे बहिणींना धुवावे लागत, कारण अस्पृश्यांचे कपडे धोबी धुवायला तयार नव्हते. आम्हाला हे दुसऱ्या वर्षाला वाचायला होतं. मी त्यावर दहा मार्कांचं उत्तरही लिहिलंय, बऱ्यापैकी मार्क पडले होते. आणि माझ्याच खोलीत कुणी "चालत नाही" म्हटल्यावर माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. त्या मुलीच्या मनात नेमकं काय होतं ते मला ठाऊक नाही, कदाचित तिला खरंच फक्त किळस वाटत असेल. पण विचारायला हवं होतं. तुमच्या खोलीत कुणी असं म्हटलं तर तुम्ही तरी विचारा. भांडू नका, नुसतं "म्हणजे काय?" असं विचारा.

शेवटी सुरुवात तिघींनीच केली. मी, चाकणवाली आणि फार्मसीवाली. पॅसेजमध्ये एक पांढरी बादली ठेवली. कपडे हरवू नयेत म्हणून कॉलरच्या आत प्रत्येकीचा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घातला. मुंबईच्या धोबीघाटावर हजारो कपड्यांतून तुमचा कपडा तुम्हालाच परत येतो तो अशाच खुणांवर. गुरुवारी रात्री मशीन भरते. महिन्याभराने जिचा शर्ट मी बिघडवला तीही आली, हिरवा दोरा घेऊन. परवा बादलीत पाचव्या रंगाचा टाका दिसला, जांभळा. कुणाचा ते आम्ही विचारलं नाही. कॉलरच्या आतला टाका फार सरळ होता, सवयीच्या हाताचा.

लाल कुर्ता अजून माझ्याच बादलीत एकटा असतो. परवा पाचवं धुणं झालं. पाणी गुलाबीच होतं.